वायमेयाच्या पागेतला ठेवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘रोडिओ’ हा शब्द ऐकला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हॉलिवूडच्या चित्रपटातले एक दृश्य उभे राहते. उंच टोपीचा गोरा काउबॉय, उधळलेला घोडा, धुळीचा लोट आणि कुंपणावर बसून आरोळ्या ठोकणारी माणसे. स्थळ अर्थातच टेक्सास किंवा वायोमिंग. मी आज ज्या रोडिओविषयी बोलणार आहे, तो मात्र प्रशांत महासागरातल्या एका बेटावरचा आहे. तिथल्या गुराख्याच्या टोपीभोवती फुलांची माळ असते, त्याच्या तोंडी हवाईची भाषा असते आणि अमेरिकेतल्या काउबॉयचा जमाना सुरू होण्याच्या तीस-एक वर्षे आधीपासून तो घोड्यावर बसून गुरे पकडत आला आहे. या गुराख्यांचे गाव वायमेया. त्या गावातल्या लोकांनी एका जुन्या पागेत आपल्या वारशाचे केंद्र कसे उभे केले, आणि ते उभे करावे असे त्यांना का वाटले, हा आजचा विषय.

आधी रोडिओ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. हा मूळचा स्पॅनिश शब्द. त्याचा अर्थ वेढा घालणे, घेरणे. माळावर मोकळी चरणारी गुरे वर्षातून एक-दोनदा घेरून एकत्र आणायची, वासरांना डाग द्यायचे, विकायची जनावरे वेगळी काढायची, याला रोडिओ म्हणत. म्हणजे तो आधी खेळ नव्हता, काम होते. काम करणाऱ्यांत चढाओढ लागली, बघायला माणसे जमू लागली आणि कामाचा खेळ झाला. आपल्याकडच्या बैलांच्या शर्यतींचे मूळही असेच शेतकऱ्याच्या दावणीत आहे. म्हणून हा विषय आपल्याला फार परका वाटू नये.

आता हवाईकडे वळू. या बेटांवर मुळात गाय नव्हती आणि घोडाही नव्हता. १७९३ साली जॉर्ज व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्दी कप्तानाने तिथल्या राजाला, पहिल्या कामेहामेहाला, कॅलिफोर्नियाहून आणलेली काही गुरे भेट दिली. ती वाढावीत म्हणून राजाने त्यांच्यावर ‘कापू’ घातला. कापू म्हणजे धार्मिक बंधन, निषेध. गुरांना कोणी मारायचे नाही, असा हुकूम झाला. त्याचा परिणाम काय झाला असेल, याची कल्पना शेतकऱ्याला चटकन येईल. वाघ नाही, लांडगा नाही, वर राजाचे अभय आणि बाराही महिने हिरवा चारा. पंचवीस-तीस वर्षांत गुरांचे कळप डोंगरभर पसरले आणि पार रानटी झाले. ते शेते तुडवू लागले, घरांची छपरे खाऊ लागले आणि माणसांवर धावून जाऊ लागले. लोकांनी गुरांना कुंपण घालण्याऐवजी आपल्याच घरा-शेतांभोवती दगडी भिंती घातल्या.

हे रान किती धोक्याचे होते, याची एक दुःखद साक्ष वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात आहे. डग्लस फर या प्रसिद्ध वृक्षाला ज्याचे नाव मिळाले, तो डेव्हिड डग्लस १८३४ च्या जुलैत मौना केआ डोंगराच्या उतारावरून चालला होता. रानटी गुरे पकडण्यासाठी खणलेल्या एका खड्ड्यात त्याचा मृतदेह सापडला. त्याच खड्ड्यात एक बैलही होता.

खड्डे आणि बंदुका यांनी हा प्रश्न सुटणारा नव्हता. चामडे, चरबी आणि खारवलेले मांस यांना तोवर मागणी आली होती. बंदरात थांबणाऱ्या जहाजांना ते हवे असे. तेव्हा तिसऱ्या कामेहामेहाच्या काळात, १८३० च्या दशकाच्या आरंभी, कॅलिफोर्नियातून काही मेक्सिकन गुराखी हवाईत बोलावले गेले. घोडे १८०३ सालीच बेटावर उतरले होते, पण घोड्यावर बसून गुरे कशी धरायची हे कोणाला ठाऊक नव्हते. ती विद्या या पाहुण्यांनी दिली. ते स्वतःला ‘एस्पान्योल’ म्हणत. हवाईच्या लोकांच्या तोंडी त्या शब्दाचे ‘पानिओलो’ झाले आणि पुढे बेटावरच्या प्रत्येक गुराख्याला तेच नाव पडले. अमेरिकेतल्या काउबॉयचा सुप्रसिद्ध काळ तिथल्या यादवी युद्धानंतरचा, म्हणजे १८६५ नंतरचा आहे. त्या हिशेबाने पानिओलो हा त्याचा थोरला भाऊ ठरतो.

पाहुण्यांनी आणलेली विद्या हवाईच्या लोकांनी जशीच्या तशी ठेवली नाही. मला या इतिहासातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. खोगीर त्यांनी स्थानिक लाकडाच्या सांगाड्यावर बसवले आणि पावसाच्या, चढ-उताराच्या मुलखाला सोसेल असे घडवले. दोर विणला तो कच्च्या चामड्याच्या वाद्यांचा, चार पेडांच्या वेणीसारखा. त्याला ते ‘काउला इली’ म्हणतात. चामडे निवडायचे, ताणायचे, त्याची एकसारख्या रुंदीची लांबच लांब वादी कापायची, ती मऊ करायची आणि मग विणायला बसायचे. घाई केली तर दोर एका जागी पातळ राहतो, आणि ऐन वेळी तिथेच तुटतो. उधळलेल्या बैलाच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कारागिरीला किती किंमत होती ते कळते.

रानटी बैल धरण्याची त्यांची रीतही पाहण्यासारखी होती. डोंगरात बैलाच्या शिंगांत फास टाकायचा, त्याला ओढत एखाद्या झाडापाशी न्यायचे आणि दुबेळक्यात शिंगे अडकवून बांधून ठेवायचे. एक-दोन दिवसांत त्याचा जोर ओसरला की माणसाळलेल्या बैलाला जोडून खाली आणायचे. आपला शेतकरी नवा गोऱ्हा जुन्या, शहाण्या बैलाशेजारी जुंपतो, त्यातलाच हा प्रकार. हवाईच्या रोडिओत ‘पो-ओ वाइ-ऊ’ नावाची एक स्पर्धा आहे. तीत स्वार बैलाला फासात धरतो आणि मैदानात रोवलेल्या दुबेळक्याच्या खांबाशी नेऊन बांधतो. ज्याला पूर्वकथा माहीत नाही त्याला हा नुसता दांडगाईचा खेळ वाटेल. ज्याला माहीत आहे, त्याला त्यात डोंगरातला तो जुना दिवस दिसतो.

आणखी एक काम फक्त बेटावरच्या गुराख्याच्या वाट्याला आले. जनावरे विक्रीसाठी होनोलुलूला न्यायची, पण जहाज धक्क्याला लागत नसे. मग कवायहाए बंदरात पानिओलो घोड्यासह समुद्रात शिरत, एकेक जनावर पोहवत होडीपर्यंत नेत आणि होडीच्या दोन्ही बाजूंना शिंगे बांधून ठेवत. होडी भरली की ती आगबोटीपाशी जाई. तिथे जनावराच्या पोटाखाली पट्टा घालून त्याला वर उचलत. लाटा, भेदरलेली जनावरे आणि खाली शार्क मासे. विसाव्या शतकात बरीच वर्षे हे काम असेच चालले.

वायमेया हे या सगळ्याचे केंद्र. इथल्या पार्कर रँच नावाच्या अवाढव्य कुरणाचा आरंभ १८४७ सालचा मानतात. जॉन पामर पार्कर हा अमेरिकन खलाशी जहाज सोडून बेटावर राहिला. राजाच्या परवानगीने त्याने रानटी गुरांची शिकार केली, राजघराण्यातल्या किपिकाने या मुलीशी लग्न केले आणि जमीन मिळवली. आजही या कुरणाकडे एक लाखाहून अधिक एकर जमीन आहे.

याच पार्करचा पणतू इकुआ पर्डी. त्याचा जन्म १८७३ चा. हवाईच्या रोडिओची कथा म्हणजे बऱ्याच अंशी याची कथा. इबेन लो नावाचा एक कुरणमालक होता. दोराच्या अपघातात त्याचा एक हात गेला होता, पण फास टाकण्याची हौस गेली नव्हती. १९०७ साली त्याने वायोमिंगमधल्या शायेन गावचा ‘फ्रंटियर डेज’ हा मोठा रोडिओ पाहिला. आपली पोरे इथे कमी पडणार नाहीत, असे त्याला वाटले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९०८ मध्ये, इकुआ पर्डी, आर्ची काआउआ आणि जॅक लो हे तिघे जहाजाने आणि आगगाडीने हजारो मैलांचा प्रवास करून शायेनला पोचले. आपले घोडे त्यांना नेता आले नव्हते. दुसऱ्यांचे घोडे घेऊन त्यांना मैदानात उतरावे लागले.

स्पर्धा होती बैलाला फासात धरण्याची. बैलाला आधी थोडे पुढे पळू देतात. मग स्वार मागून सुटतो, शिंगांत फास टाकतो, दोर बैलाच्या पुठ्ठ्यावरून पलीकडे घेऊन घोडा तिरका काढतो आणि बैल आडवा पडतो. घोडा दोर ताणून उभा राहतो, स्वार उडी मारून धावतो आणि बैलाचे तीन पाय बांधतो. घड्याळ चालूच असते. परक्या घोड्यावर हे करायचे म्हणजे काय, ते ज्याने दुसऱ्याच्या बैलजोडीने औत धरले आहे त्याला कळेल. पर्डीने हे काम ५६ सेकंदांत केले आणि तो जगज्जेता ठरला. काआउआ तिसरा आला आणि जॅक लो सहावा.

या विजयाचे मोल समजण्यासाठी आणखी दोन साले ध्यानात ठेवावी लागतात. १८९३ मध्ये हवाईच्या राणीला पदच्युत करण्यात आले आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली. मधल्या काळात, १८९६ मध्ये, शाळांतून हवाईची भाषा हद्दपार होऊन इंग्रजी हेच माध्यम झाले. राज्य गेले, भाषा चालली, अशा दहा-पंधरा वर्षांत तीन गुराखी अमेरिकेच्या ऐन काउबॉय मुलखात जातात आणि त्यांच्याच खेळात जिंकून येतात. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले यात नवल नाही. ‘वायोमिना’ हे त्यांच्यावरचे गाणे हवाईत आजही गातात. वायोमिंगचे ते हवाई रूप. भाषेच्या बाबतीतही गुराख्यांनी एक काम नकळत केले. शाळेत जी बोलायची नाही, ती भाषा कुरणावर चालत राहिली. घोड्याला ‘लिओ’, गुरांना ‘पिपी’, खोगिराला ‘नोहो लिओ’, हे शब्द कामाबरोबर टिकले.

पर्डी पुन्हा शायेनला गेला नाही. तो माउइ बेटावरच्या उलुपालाकुआ कुरणावर कामाला लागला, तिथेच गुरे राखत म्हातारा झाला आणि १९४५ साली वारला. बेटाबाहेर त्याचे नाव जवळजवळ विसरले गेले. ओक्लाहोमा सिटीतल्या राष्ट्रीय काउबॉय संग्रहालयाच्या रोडिओ कीर्तिदालनात त्याला स्थान मिळाले ते १९९९ साली. विजयानंतर एक्क्याण्णव वर्षांनी!

राष्ट्रीय संस्थांच्या दालनात कोणाला जागा मिळते, हा प्रश्न फक्त हवाईचा नाही. टेक्सासचा कृष्णवर्णीय गुराखी बिल पिकेट याने धावत्या घोड्यावरून बैलाच्या अंगावर झेप घेऊन, शिंगे पिरगाळून त्याला लोळवण्याची तऱ्हा लोकप्रिय केली. १९९४ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्याच्या सन्मानार्थ तिकीट काढले, पण त्यावर चेहरा छापला त्याच्या भावाचा, बेनचा. छापलेली तिकिटे मागे घेऊन नवी काढावी लागली. चेहरा कोणाचा हे घरच्यांना कळते, गावाला कळते. दूरच्या कचेरीत ते कळेलच असे नाही. टेक्सासमधल्या हियरफर्ड या लहान गावाने घोडेस्वार स्त्रियांच्या आठवणी जपायला १९७५ साली सुरुवात केली ती आपल्या ग्रंथालयाच्या तळघरात. आज त्या संग्रहालयाची फोर्ट वर्थ शहरात मोठी वास्तू आहे. आरंभ झाला तो गावातल्या लोकांच्या खटपटीतून.

वायमेयातही खटपट गावातूनच झाली. १९९० च्या दशकात तिथल्या जाणत्यांच्या लक्षात आले की जुने पानिओलो एकेक करून जात आहेत. कामही बदलले होते. ट्रक आले, वासरे धष्टपुष्ट करण्यासाठी जहाजातून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जाऊ लागली. पूर्वी जिथे पुष्कळ स्वार लागत, तिथे थोड्या माणसांत काम भागू लागले. दोर विणणारा गेला की दोर बाजारातून नायलॉनचा येतो आणि त्याने काम अडत नाही. विद्या जाते तेव्हा अशीच, काम न अडता जाते. म्हणून तिचे जाणे कोणाच्या लक्षातही येत नाही.

१९९८ साली ‘पानिओलो प्रिझर्वेशन सोसायटी’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत डॉ. बिली बर्गिन होते. ते पेशाने जनावरांचे डॉक्टर. पार्कर रँचवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले होते. गुरांना औषधपाणी करता करता त्यांनी गुराख्यांच्या कथा ऐकल्या. त्यातून पुढे पार्कर रँचचा त्यांनी लिहिलेला इतिहास २००४ साली हवाई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. गुरांच्या डॉक्टरने गावाचा बखरकार व्हावे, यात मला एक औचित्य दिसते. गोठ्यात ज्याचा वावर असतो, त्याच्यापाशी माणसे मोकळेपणाने बोलतात.

संस्थेच्या आरंभीच्या वर्षांतच, २००३ साली, वायमेयात इकुआ पर्डीचा पुतळा उभा राहिला. घोड्यावर स्वार, बैलाला फासात धरणारा. पुतळा झाला, पण पुतळ्याला दोर विणता येत नाही आणि तो कोणाला शिकवतही नाही. वस्तू कुठे ठेवायच्या, म्हाताऱ्यांना कुठे बसवायचे, पोरांना कुठे बोलवायचे, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर पुकालानी येथील पार्कर रँचच्या जुन्या पागेत मिळाले. एके काळी या कुरणाची घोड्यांची पैदास मोठी होती, अमेरिकन सैन्यालाही इथले घोडे जात. त्या व्यवसायाची ही मुख्य जागा. ती संस्थेकडे आली आणि तिथे पानिओलो वारसा केंद्र सुरू झाले.

नवी चकचकीत इमारत बांधण्यापेक्षा पागाच वापरली, यात मला शहाणपण दिसते. त्याने पैसा वाचतो हे खरेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे वस्तू आपल्या घरी राहतात. खोगीर, रिकिबी, दोर, जुनी छायाचित्रे ही ज्या कामाची, त्याच कामाच्या जागेत ठेवलेली आहेत. खोगीर बनवण्याचे आणि चामडे विणण्याचे शिक्षण, जुन्या माणसांच्या आठवणींची नोंद, गावच्या घराण्यांविषयीची प्रदर्शने असे उपक्रम संस्था करीत आली आहे. पागेच्या आवारात शेतकऱ्यांचा बाजारही भरत आला आहे. भाजी घ्यायला आलेला माणूस सहज आत डोकावतो. संग्रहालयात जायचे म्हणून मुद्दाम निघणारे आपल्यात किती असतात? बाजाराला सगळेच जातात.

पण अशा केंद्रांपुढचे अवघड प्रश्नही टाळता येत नाहीत. पहिला प्रश्न जनावरांचा. रोडिओत जनावरांना इजा होते, असा आक्षेप अमेरिकेत अनेक वर्षे घेतला जात आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवरून हाच वाद झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना मनाई केली, २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात बदल केला आणि तो बदल न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवला. दोन्हीकडे वारसा हा शब्द ढालीसारखा पुढे केला जातो. माझ्या मते वारसा जपायचा म्हणजे जुने सगळे जसेच्या तसे करायचे, असे नव्हे. जनावर कसे ओळखावे, त्याला भीती कशाची वाटते, त्याला न दमवता कसे वळवावे, हेही त्या वारशातच येते. चांगला गुराखी जनावराला विनाकारण पळवत नाही. केंद्राने पोरांना हे शिकवले, तर आक्षेपाचे निम्मे उत्तर तिथेच मिळते.

दुसरा प्रश्न पैशाचा आणि माणसांचा. अशी केंद्रे स्वयंसेवकांवर आणि देणग्यांवर चालतात. आरंभीच्या पिढीचा उत्साह दांडगा असतो. खरी कसोटी लागते ती दुसऱ्या पिढीत, कारण तिने ते आयुष्य जगलेले नसते, फक्त ऐकलेले असते. तिसरा प्रश्न पर्यटकांचा. ते आले तर पैसा येतो, पण त्यांना हवा असतो तमाशा. पाहुण्यांसाठी सजवता सजवता गावाचे स्वतःचे घर त्यांचे दुकान होऊन बसते, हे आपण आपल्याकडेही अनेक ठिकाणी पाहतो.

या सगळ्यातून मला जे घेण्यासारखे वाटते ते असे. वायमेयाच्या लोकांनी आधी माणसे गाठली, मग वस्तू गोळा केल्या आणि इमारतीचा विचार सर्वांत शेवटी केला. आपण बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी कोनशिला, मग इमारत, आणि आत काय ठेवायचे हा विचार उद्घाटनानंतर. तोवर ज्याला माहीत होते तो म्हातारा गेलेला असतो. आपल्या गावातही नाडा वळणारा, चाबूक विणणारा, गाड्याचा आरा घडवणारा सुतार, बैलाच्या चालीवरून त्याचे दुखणे सांगणारा कोणी ना कोणी असतो. त्याच्यासाठी लगेच संग्रहालय उभारायची गरज नाही. त्याच्यापाशी बसायला चार पोरे मिळाली आणि त्यांच्या हाती एक दोर आला, तरी आरंभ झाला. जागा नंतर मिळते. वायमेयात ती पागेत मिळाली. आपल्याकडे एखाद्या जुन्या चावडीत, शाळेच्या रिकाम्या खोलीत किंवा देवळाच्या ओवरीत मिळेल.